दिवेलागणीची शिट्टी

“अगं पण शिट्टी कोणाची? छातीवर हात ठेवून सांग!” नलूने बेबीला कोपराने ढोसलं.

“सॅक्सोफोनवाल्याची. कार्डावर तसंच लिहून पाठवलंय. आणि आता गप्प बस बाई, काही ऐकू येत नाहीये.”

गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बेबीच्या घरी दोघी मैत्रिणी रेडिओला कान लावून बसल्या होत्या. इंग्रजी गाण्यांच्या कार्यक्रमात दर आठवड्याला एक कोडं असायचं. या वेळचं कोडं धोबीतलावच्या एका डान्स-बँडच्या जुन्या तबकडीवर होतं. गाण्याच्या मध्येच कोणीतरी झकास शिट्टी वाजवतो. तबकडीवर नाव छापलंय ते फक्त बँडमास्तरचं. मग शिट्टीवाला कोण?

असल्या गोष्टींत बेबीचा हात धरणारं गिरगावात कोणी नव्हतं. रॉक अँड रोलची कुठलीही तबकडी लावा. गाणारा कोण, ड्रमवर कोण, मागच्या बाजूला कुठलं गाणं, पोरगी घडाघडा सांगायची. कॉलेजच्या अभ्यासाच्या नावाने मात्र आनंदीआनंद.

पण आज जिंकायचंच होतं. उद्या हा रेडिओ माहीमला मामाकडे जाणार होता. आईला तो घरात नको होता. “कोडं जिंकलीस तर मी बोलून बघतो तिच्याशी,” एवढं बाबांनी कबूल केलं होतं. रेडिओ अच्युतदादाने पहिल्या पगारात आणलेला. आता घरात दादाची तेवढीच एक वस्तू उरली होती.

दादा छप्पनच्या जानेवारीत गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, रस्तोरस्ती गोळीबार चालला होता. नाक्यावर दादाला गोळी लागली. बेबी त्या संध्याकाळी नलूकडेच अडकून पडली होती. चाळीने दादाचा फोटो जिन्यापाशी लावला. दर जानेवारीत त्याला हार घालायचे, घोषणा द्यायचे, आईला वीरमाता म्हणून बोलवायचे. आई एकदाही खाली उतरली नाही. दर वर्षी तिचं नेमकं डोकं दुखायचं.

बेबीला याचा भयंकर राग यायचा. मुलाचा हार बघवत नाही, मुलाचा रेडिओ चालत नाही, ही कसली आई? इतर दिवशी रेडिओ लागला की आई देवळात निघून जायची. आज पाय मुरगळला होता म्हणून बिचारी घरात अडकली होती.

आई देवापाशी दिवा लावत होती. तेवढ्यात गाणं सुरू झालं. ड्रम वाजले, सॅक्सोफोन वाजला आणि मग ती शिट्टी आली.

आईच्या हातातली काडी जळत जळत बोटापर्यंत आली. तिला पत्ताच नव्हता.

“आई, बोट! भाजेल ना! थांब, बंद करते रेडिओ.”

“हात लावू नकोस.” आई लंगडत लंगडत पुढे आली. “हा अच्युत आहे.”

नलूला हसूच आलं. “काकू, अहो, ही धोबीतलावच्या बँडची तबकडी आहे. आमच्या घरी पण आहे की!”

“असू दे. ओळ संपताना हवा सुटते बघ. विटी लागून पुढचा दात अर्धा तुटला होता त्याचा.”

बेबीने ऐकलं. ओळ संपली आणि हवा सुटली. पुढची ओळ संपली, पुन्हा सुटली. नलूच्या ग्रामोफोनवर ही तबकडी तिने झिजेपर्यंत ऐकली होती. जगातल्या सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं तोंडपाठ, आणि सख्खा भाऊ ओळखता आला नाही!

गाणं संपलं. निवेदक इंग्रजीत बोलू लागला. बेबी आईला मराठीत सांगत होती, पण शब्द धड बाहेर पडत नव्हते.

“सगळ्यांची उत्तरं चुकली, म्हणतोय. बँडमास्तरलाच विचारलं त्यांनी. गिरगावातला एक मुलगा तालमीच्या खोलीबाहेर उभा राहून शिट्टीवर साथ करायचा. एक दिवस त्यांनी त्याला आत ओढला. नाव विचारायचं राहूनच गेलं. छप्पननंतर तो पुन्हा आलाच नाही. कोणाला माहीत असेल तर कळवा, म्हणतोय.” बेबीला रडू आवरेना. “आई, दादा रेडिओवर वाजला गं! आणि आपल्याला कोणालाच त्याने सांगितलं नाही!”

“कसा सांगेल? शिट्टीचं नाव काढलं की मी अंगावर धावून जायची.” आई मटकन खाली बसली. “त्या दिवशी मोर्चाला नव्हता गेला गं तो. घरातच होता. खिडकीत बसून हेच वाजवत होता. मी दिवा लावत होते. म्हटलं, मेल्या, दिवेलागणीला घरात शिट्टी वाजवतोस? अवलक्षणी कुठला! वाजवायची तर बाहेर जाऊन वाजव. हसत हसत चप्पल घातली आणि गेला.”

नलूने तोंडावर हात दाबला. बेबीला एकेक गोष्ट आठवत गेली. जिन्याजवळचा तो हार, त्या घोषणा, दर वर्षीची ती डोकेदुखी!

रेडिओवर तीच तबकडी पुन्हा लागली. देवापाशी अजून अंधारच होता. शिट्टी सुरू झाली तशी आईने पदराने रेडिओवरची धूळ पुसली आणि त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“वाजव रे राजा. घरातच वाजव. बाहेर नको जाऊस.”