आवतन

जुवाखाली सोलवटलेला बैलाचा खांदा दगडीपाल्याच्या मलमानं लवकर भरतो का, हे जनावरांची डॉक्टर पंकजा गावोगावच्या एकेका बैलजोडीवर तपासत होती. पेडगावात राधाकिशनच्या जोडीत हरण्याला ते मलम होतं, गुलब्याला साधं. त्यावर दुसरं बोटभरही काही लावायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती जखमा मोजायला आली. गावातल्या सगळ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळून झाले होते. हे दोनच कोरडे.

"तुमच्या शब्दाखातर हात आवरला, म्याडम," राधाकिशन म्हणाला. "पर खांदा मळल्याबिगर आवतन देता येत न्हाई. बिनआवतनाचे उद्या कसे जेवतील हो हे?"

गुलब्या सवयीनं मान खाली घालून वाट बघत उभा होता. पंकजाची इथली सगळ्या पावसाळ्याची मेहनत त्या खांद्यांवर होती. तिनं मोजपट्टी पिशवीत टाकली, तुपाच्या वाटीत बोटं बुडवली आणि गुलब्याचा खांदा चोळता चोळता त्याच्या कानाशी पुटपुटली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"अन् तुमचा अभ्यास, म्याडम?"

"त्यातून ह्या दोघांना सुट्टी. उद्या जेवायला जायचंय त्यांना."