एक गडी कमी

गणिताच्या बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून तरातरा मैदानावर आल्या, तेव्हा रस्सीखेच सुरू व्हायच्या बेतात होती.

"सर, नववीचा तास मला हवाय म्हटलं होतं ना!"

"महिनाभर तुम्हीच खाल्लात की," खेळाचे सर म्हणाले. "म्हणून आज घंटेआधीच वर्ग पळवून आणला."

पोरांनी दात काढले.

"अहो, दोन प्रकरणं राहिलीत."

"मग न्या वर्ग. पण इकडे अठरा, तिकडे सतरा. एक गडी कमी पडतोय. एवढा एक डाव खेळा आणि खुशाल घेऊन जा."

बाई 'छे छे' म्हणणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर दोराच्या पार टोकाला गेली. अठरांच्या सगळ्यात मागे त्यांची लेक उभी होती. दोर कमरेमागून घेऊन, ओठ घट्ट मिटून.

सहामाहीपासून पोरगी अगदी मिटून गेली होती. घरी आली की खोलीचं दार लावायची, ताटातलं चिवडत बसायची, विचारलं की "काही नाही." दोन डॉक्टर झाले, समुपदेशनाच्या बाई झाल्या. आई बंद दाराला कान लावून उभी राहायची. निदान रडू तरी ऐकू यावं, असं तिला वाटायचं.

बाईंनी वह्या गवतावर ठेवल्या, पदर खोचला आणि सतरांच्या पुढ्यात जाऊन दोर धरला.

शिट्टी वाजली. बाईंना वाटलं होतं, पोरं ती पोरं, त्यांच्यात कितीसं बळ असणार! पण दोर हातातून सरसर सुटायला लागला. पलीकडून आरोळी आली, "ओढा रे! झोपलात काय? एक, दोन, ओढा!" हा खणखणीत आवाज कुणाचा, हे कळायला बाईंना क्षणभर वेळ लागला. कळलं आणि त्यांची पकडच सुटली.

त्या सपशेल मातीत बसल्या. मागचे सतरा एकमेकांवर कोसळले.

मैदानावर एकच हशा पिकला. त्यात लेकही होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. बाई मातीत बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिल्या. कोपर सोलवटलं होतं, त्याचं त्यांना भानच नव्हतं. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

सरांनी हात देऊन त्यांना उठवलं. "लागलं का? घ्या, वीस मिनिटं उरलीत. न्या वर्ग."

"आता कुठे नेतेय!" बाईंनी साडी झटकली. "मला त्या बाजूला खेळायचंय."

"अहो, मग ते एकोणीस होतील."

"त्यांच्यातला एक इकडे पाठवा. झाले अठरा-अठरा. एवढं येतं हो मला."

सर हसले आणि त्यांनी एका पोराला खुणेनं पलीकडे धाडलं. बाई लेकीच्या अगदी पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोर घट्ट धरला. मागे वळून बघायचा धीर होईना. आपण बघितलं आणि हसू पुन्हा मावळलं तर?

सरांनी शिट्टी तोंडाशी नेली. तेवढ्यात मानेशी धापा टाकत लेकीचा आवाज आला, "टाचा रोव, आई. मागे मी आहे."