आईचे गुरुवार

सत्यशीला गेल्याचं गावात कळलं तो गुरुवार होता, आणि गुरुवारी ती जेवत नसे. त्यामुळे दुपारी माती उरकून परतलेली माणसं एकच बोलत होती. "उपासाच्या दिवशी गेली. भाग्याची."

अंगद भिंतीला टेकून ऐकत होता. पहाटे बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तुमच्या बायकोच्या पोटात वर्षानुवर्षं पुरेसं अन्न गेलं नाही, हृदय थकलं. हा नुसता उपास नव्हता, आजार होता, आणि तो मनात सुरू होतो. मग दाराशी उभ्या असलेल्या आरोहीकडे बघून त्या म्हणाल्या, "मुलीचे हात बघितलेत का तुम्ही? नुसत्या काड्या झाल्यात." मनाच्या डॉक्टरांचा नंबर त्यांनी स्वतः त्याच्या फोनमध्ये घालून दिला.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या शिवकन्यानं पिठलं-भाकरी करून आणली होती. हा कडू घास घरातल्या प्रत्येकानं खायचाच असतो. ताट फिरत फिरत आरोहीपुढे आलं. ऐन वैशाखात तिच्या अंगात स्वेटर होता. तिनं भाकरी हातात घेतली, पण तोंडाकडे नेली नाही.

"मी आईचे गुरुवार धरणार हाय," ती म्हणाली. "सोमवार बी. चतुर्थी बी. तिचं उद्यापन राहिलं ना."

रतनबाईनं, अंगदच्या थोरल्या बहिणीनं, भाचीला छातीशी धरलं. "लेक असावी तर अशी."

"न्हाई," अंगद म्हणाला. "ती जेवंल. अक्का, तो आजार हाय. सत्यशीलाला त्यानंच नेलं. हिलाबी लागलाय."

"उपासाचा आजार?" भावकीतल्या मोहनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मग अख्खा जिल्हा भरती कर की बे."

कोपऱ्यात कोणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं.

"उपासाचा न्हाई. जेवणाचा. उपास नसंल त्या दिवशी जेवली की सत्यशीला गोठ्यामागं जाऊन ओकून यायची. आपण पित्त म्हणायचो."

"अंगद!" रतनबाई ओरडली. "चिता इझली न्हाई अजून. कावून तिची अब्रू काढतूस चारचौघांत?"

"शेळीनं एक वेळ चारा सोडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो, अक्का."

"शेळीला देव असतो व्हय रे?"

अंगद मोहनरावांकडे वळला. "काका, तुमची जीप द्या. उद्या सकाळी हिला बीडला नेतो."

"तू? अग्नी दिलाय तू. दहावं होईस्तोवर वेस वलांडायची न्हाई."

"मग तुमी न्या."

मोहनराव जवळ सरकले, आवाज खाली आणला. "मनाच्या डॉक्टराकडं? पोरगी उजवायची हाय का न्हाई तुला? उद्या सोयरे इचारतील, येड्याच्या दवाखान्यात कावून गेलती, तवा काय सांगशील?"

आरोही मान खाली घालून बसली होती. भाकरी तिनं ताटात इतकी बारीक कुस्करून पसरली होती, की बघणाऱ्याला वाटावं अर्धी खाल्ली.

अंगद उठून गोठ्यात गेला आणि त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. त्याला नीट सांगता येत नव्हतं, मागचं पुढं होत होतं. पण त्यांनी मध्ये तोडलं नाही. सकाळपासून त्याला कोणी एवढं बोलू दिलं नव्हतं.

"तुम्हाला येता येत नसेल तर मी आधी तिच्याशी फोनवर बोलते," त्या म्हणाल्या. "पण चक्कर आली, छातीत धडधडलं, तर कुणाची वाट बघू नका. सरळ दवाखान्यात न्या. आणि जेव जेव म्हणून रागावू नका. तिचा तो हट्ट नाही."

"मग काय हाय, बाई?"

"ताट समोर आलं की तिला कशाची भीती वाटते, हे कुणी विचारलंय का तिला?"

"भीती?" अंगद म्हणाला. भाकरीची भीती वाटते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "न्हाई. इचारतो. आत्ताच इचारतो."

तो परत आला तेव्हा बायकांनी आरोहीभोवती कडं केलं होतं. म्हातारी मुक्ताबाई तिला सांगत होती, गुरुवारी केळं चालतं, मीठ चालत नाही, पाणी मात्र बसून प्यावं. आरोही एकेका गोष्टीला मान हलवत होती.

"आरोही, जरा बाहीर ये."

"आता न्हाई," रतनबाईच बोलली. "बायांत बसू दे तिला. रडून मोकळी होऊ दे."

आरोही रडत नव्हती. तिनं एकदा बापाकडे बघितलं. उठायला म्हणून तिनं हात टेकला, तर मुक्ताबाईनं तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. पोरगी परत खाली बसली.

अंगद उंबऱ्यावर उभा राहिला. वडवणीहून सत्यशीलाच्या माहेरच्या बाया आल्या, रडत आत गेल्या, आणि कडं आणखी मोठं झालं. त्याला दारातून बाजूला व्हावं लागलं. ऊन उतरलं. आरोहीला कशाची भीती वाटते, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.