खांबापाशी चाळीस दिवस

चिठ्ठी खांबाला डिंकाने चिकटवलेली होती. अक्षर वळणदार, सावकाश काढलेलं: 'मुंग्यांनो, हजरत सुलेमानांचा तुम्हाला सलाम आहे. हे अल्लाहचं घर आहे. कृपा करून दुसरीकडे बिऱ्हाड करा.'

टपोऱ्या काळ्या मुंग्या त्या चिठ्ठीवरूनच चालल्या होत्या.

"वाचता येत नाही वाटतं त्यांना," शहरातून आलेला इंजिनिअर सेरहान गुडघे टेकत म्हणाला.

"येतं रे बाळा," नाझिरे हळूच म्हणाली. "पण मोठं कुटुंब आहे. हलायला वेळ लागतो."

चिठ्ठी तिनेच लिहिली होती; सुलेमान पैगंबरांना मुंग्यांची भाषा कळायची, म्हणून त्यांच्या नावाने. तिच्या आईनेही स्वयंपाकघरातल्या मुंग्यांना अशीच लिहिली होती, आणि त्या गेल्या होत्या.

मशीद चारशे वर्षांची, सगळी चेस्टनटच्या लाकडाची, एक खिळा न ठोकता उभी केलेली. हा खांब मागच्या बाजूला, बायकांच्या पडद्याआड होता. त्याच्या पायथ्याशी दोन बोटं जातील एवढी फट होती. मुंग्यांची ये-जा तिथूनच चालली होती.

सेरहानने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया लाकडात खुपसल्या. "चौतीस. विसाच्या आत हवं."

"औषध मार की," गावचा सरपंच, मुख्तार कादिर, म्हणाला.

"औषधाने काय होणार? या मुंग्या लाकूड खात नाहीत, मुख्तार. पाण्याने मऊ झालेलं लाकूड कोरून घर करतात. या मेल्या तरी ओल आहे तोवर दुसऱ्या येतील. पाणी वरूनच उतरत असणार. आणि ही एका पावसाळ्याची ओल नाही. दहा-बारा वर्षं मुरलीय."

सगळ्यांनी रेमझीकडे पाहिलं. रेमझी नाझिरेचा धाकटा भाऊ, मशिदीचा राखणदार. छपराच्या लाकडी फळ्या तोच बसवायचा. कमरेला मशिदीची लोखंडी किल्ली. आधी ती बापाच्या कमरेला होती, त्याआधी आजोबांच्या.

"अकरा वर्षं," मुख्तार म्हणाला. "रेमझी छपरावरून पडला त्याला बरोब्बर अकरा झाली. तेव्हापासून छपराची पाहणी खालूनच. चहाचा पेला हातात धरून."

"दर वसंतात चढतो मी. तू चढून बघ एकदा. तुझं पोट शिडीला पेललं तर!"



"चाळीस दिवसांनी येतो," सेरहान म्हणाला. "पाणी थांबलं असेल तर या उन्हाळ्यात खांब सुकेल. नाही सुकला तर मशीद बंद ठेवून तो कापावा लागेल."

"आणि किल्ली माझ्याकडे," मुख्तार म्हणाला.

दुपारी रेमझी अंगणातल्या बाकावर बसून होता. नाझिरेने सुरईतलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या हातात दिलं.

तो पडला तेव्हा दोन दिवस शुद्धीवर नव्हता. नाझिरेने पाण्यावर कुराणातली यासीन सुरा वाचली, फुंकर घातली आणि चमच्याने ते त्याच्या ओठांना लावलं. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. त्या दिवसापासून तिचा नेम चुकला नव्हता. पहाटेची नमाज झाली की पडद्याआड बसायचं, यासीन वाचायची, पाण्यावर फुंकर घालायची. एक पेला भावाला, एखादा गावात कोणी आजारी असेल त्याला.

रेमझी अर्धा पेला प्यायला आणि उरलेलं अंगणात फेकायला त्याने हात उचलला. तिने मनगट धरलं.

"अरे, पायदळी जाईल ना! कितीदा सांगू?"

"पाणीच ते, आक्का."

"पढलेलं पाणी आहे. दे इकडे." तिने ते परत सुरईत ओतलं.

त्याने कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "मी खरंच चढतो गं."

"मला माहितीय."

"मग ओल येते कुठून?"

तिने सुरईचं तोंड झाकलं. "मी चाळीस दिवस धरते," ती म्हणाली. "रोज एक नाही, तीन यासीन. तुझी किल्ली कुठे जात नाही."

रेमझीने अडुसष्टाव्या वर्षी कमरेला दोर बांधून छपराची फळी न् फळी बदलली. तीन यासीनांना सुरई पुरेना, म्हणून नाझिरेने लग्नातली तांब्याची घागर काढली. उन्हाळा कोरडा गेला. गावात कोणाला साधा ताप आला नाही.

विसाव्या दिवशी मुख्तार स्वतः शिडी चढला. बराच वेळ वर होता. उतरला तेव्हा चेहरा पडलेला.

"एक भोक नाही," तो म्हणाला. "बोललो ते मनावर घेऊ नकोस, रेमझी."

"शिडी मोडली नाहीस, तेवढं पुरे."

चाळिसाव्या दिवशी सकाळी रेमझीने दाढी केली, किल्ली राखेने घासून लखलखीत केली. बहिणीने दिलेला पेला त्याने त्या दिवशी पुरा रिकामा केला.

"सुकला असेल ना गं, आक्का?"

"माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही," ती म्हणाली. "आता अल्लाहची मर्जी."

ती भरलेली घागर घेऊन पडद्याआड गेली. शेवटची यासीन बाकी होती. तीही तिने घाई न करता पुरी केली आणि पाण्यावर फुंकर घातली. मुंग्या पांढरी गाठोडी तोंडात धरून चिठ्ठीखालून चालल्या होत्या. नाझिरेने त्यांना सलाम केला.

खाली दरीतून सेरहानच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

तिने बाह्या वर सारल्या, खांबापाशी गुडघे टेकले आणि घागर कलती केली. कोणाचं पाऊल कधीच पडणार नाही अशी मशिदीत ती एकच जागा होती. दोन बोटांच्या त्या फटीत पाणी सावकाश, आवाज न करता उतरत गेलं. अकरा वर्षांत तिने एक थेंब पायदळी जाऊ दिला नव्हता. आजही दिला नाही.