तुळशीभोवतीचं यंत्र

यंत्र पुन्हा मोरीत गेलं.

अर्जुनरावांनी ते उचललं, चाकांचा चिखल धोतराच्या सोग्याला पुसला आणि तुळशीच्या ओट्याशी नेऊन ठेवलं. चावी करकर भरली. खटका सोडला. यंत्र घरघरत निघालं. अर्धा फेरा गुणानं गेलं आणि अंगणाचा उतार लागताच ओटा सोडून बाहेर पळालं. अर्जुनराव मागं धावले. वाकून त्यांनी ते हातानं आत लोटलं आणि तसंच लोटत फेरा पुरा केला.

ओसरीवर मंजुळाबाई बसल्या होत्या. सुजलेला पाय पाटावर, पुढ्यात दोन वाट्या. त्यांनी एका वाटीतला तुरीचा दाणा उचलून दुसरीत टाकला.

"तो नको मोजू," अर्जुनराव म्हणाले. "मी ढकललं त्याले."

 मंजुळाबाईंनी दाणा परत घेतला नाही.

चातुर्मासात तुळशीला रोजच्या ठरलेल्या प्रदक्षिणा घालायच्या आणि त्या पुऱ्या होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा त्यांचा नेम होता. गेल्या वर्षी मुदतीच्या तापात अर्जुनराव हातचे जाऊ लागले, तेव्हा बोललेला. पोळ्याच्या दिवशी विहिरीवर त्यांचा पाय घसरला आणि गुडघा फुगला. डॉक्टरांनी पाय टेकू नका म्हणून बजावलं. तरी बाई ओट्याला धरून, एकेक पाऊल ओढत फिरत. दिवेलागणीला कशाबशा पुऱ्या होत, मग गार भाकरी. समोर उपाशी माणूस बघून अर्जुनरावांच्या घशाखाली दुपारचा घास उतरत नसे. रागावलं तर त्या नुसत्या हसत.

मोताळ्यात अर्जुनरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या ग्रामपंचायतींचे रेडिओ त्यांच्याकडेच येत. हा माणूस देवळासमोरून जाताना हात जोडत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. "फिरायचं तं तबकडीनं फिरावं, माणसानं काऊन फिरावं?" असं ते एकदा चावडीवर बोलून बसले होते. मग सुचलं ते यंत्रच.

चालवायला चावीच्या ग्रामोफोनची कमान, म्हणजे स्प्रिंग. पोरांच्या तीनचाकी सायकलची चाकं, शिवणयंत्राचा पट्टा, दारावरच्या विजेच्या घंटीतलं लोहचुंबक, टॉर्चचे सेल. उजव्या अंगाला छत्रीची एक काडी. काडी ओट्याला घासत राहिली तर यंत्र सरळ जाणार. काडी सुटली की चुंबक हँडल ओढून त्याला ओट्याकडे वळवणार. दुकानातल्या फरशीवर ते टेबलाभोवती शहाण्यासारखं फिरलं होतं. पण फरशी ती फरशी. शेणानं सारवलेलं अंगण आणि पाण्यासाठी मोरीकडे काढलेला उतार अर्जुनरावांनी हिशेबात धरलाच नव्हता.

"यानं फेरे घातले तं तू जेवशील काय?" आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

मंजुळाबाईंनी थोडा विचार केला. "आणून तं पाहा. पण तुळशीपाशी यायचं तं आंघोळ करून या. पायात चपला नको."

म्हणून आज अर्जुनराव सकाळीच न्हाऊन, अनवाणी अंगणात उतरले होते. आता ऊन तापलं होतं. पाठ वाकून वाकून धरली होती. त्यांनी सेल बदलले. यंत्र ओट्यावर जाऊन आपटलं. काडी वाकवून पाहिली. यंत्र जागच्या जागी गरगरलं. मागं दगड बांधला, तर ते हलेचना. दगड सोडला की पुन्हा मोरीची वाट. लोटायचं, चावी भरायची, मागं चालायचं. शिवी तोंडापर्यंत येई आणि तुळस बघून ते ती गिळत.

शेजारचे शेषराव भिंतीवरून डोकावले.

"गोऱ्हा नवा दिसते, अर्जुनराव. वेसण घाला त्याले."

"जाय बे आपल्या घरी."

"जातो ना. पण ते तुमाले हाकून राह्यलं का तुमी त्याले, हे काही समजून नाही राह्यलं."

 दात आवळून अर्जुनराव चालत राहिले. ओसरीवर दाणा पडल्याचा बारीक आवाज येत होता. यंत्र पडो, अडो, उलटं होवो, फेरा संपला की टक्. बाईला नीट मोजताही येत नाही, या विचारानं त्यांचं डोकं आणखीच तापलं.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा यंत्राच्या पोटात कट्कन आवाज झाला. चाकं थांबली. अर्जुनरावांनी चावी फिरवून पाहिली. ती सैल फिरत राहिली.

"कमान तुटली," ते म्हणाले आणि तिथंच भुईवर बसले. घामानं डोळे चुरचुरत होते. "झालं. आज पुन्हा दिवेलागण."

मंजुळाबाईंनी वाट्या बाजूला सारल्या आणि शेजारच्या टोपलीवरचं फडकं काढलं.

"आजच्या झाल्या. या, जेवाले बसा."

"माह्यावर मेहरबानी करू नको. त्यानं एक फेरा धड केला नाही."

"हाव. आन् केला असता तरी मी धरला नसता. चामड्याचा पट्टा हाय त्याच्यात."

अर्जुनरावांनी मान वर केली. "मंग सकाळपासून दाणे कायचे टाकून राह्यली तू?"

"तुमच्या फेऱ्यायचे," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं घातले तं बायकोच्या नेमात धरतेत." आणि त्यांनी भाकरी मोडून पहिला घास घेतला.