मशीनचं तोंड

मशीनचं तोंड आजही फोरमनच्याच पायांकडे होतं.

छातीभर कोमट पाण्यात ते बायकोचा हात धरून उभे होते. भिंतीतल्या जाळीमागून पाण्याचा लोट येत होता आणि थेट त्यांच्या मांड्यांवर आदळत होता. त्या लोटाला रेटत जागच्या जागी चालायचं, हा इथला उपचार. उपचार बायकोच्या गुडघ्यांवर, आणि मार खात होते हे.

"मॅडम, हे तोंड जरा हिच्याकडे वळवा की," ते काठावरच्या थेरपिस्टला म्हणाले. "सगळा जोर माझ्यावर येतोय. हिच्या पायाला पाणी लागतंय कुठे?"

"काकूंना भीती वाटते ना, काका. तुम्ही आड असलात की त्यांना धीर येतो," ती पोरगी म्हणाली आणि तिनं मशीनचा वेग आणखी थोडा वाढवला.

"वाटते बाई भीती," बायकोनं री ओढली.

उभी हयात पंपांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कमालच झाली. फोरमन पावलं टाकत राहिले. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

असल्या थेरांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. गेल्या वर्षी ते स्वतः घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरनं हेच सुचवलं होतं. "मी काय म्हैस आहे डुंबायला?" असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं. बायकोचे गुडघे जरा कुरकुरले मात्र, लगेच इथे नाव घातलं. तेही मुलानं, दुसऱ्या शहरात बसून, फोनवरून.

मुलाचा डाव त्यांना ठाऊक होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. "थोडे दिवस बघतो," तो म्हणाला होता. "जिना जमला तर राहा. नाहीतर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं." ज्या घराची एकेक खिडकी फोरमननी स्वतः बसवली होती, ते विकायचं?

आणि बायको मुलाला सामील होती, हे तर उघडच होतं. जिन्यात चार पायऱ्या झाल्या की "थांबा हो, दम लागला" म्हणायची. मग तिच्या काठीवर भार टाकून हेही थांबायचे. ती काठीही ती जिथे तिथे विसरायची, म्हणून शेवटी यांनीच ती हातात बाळगायला सुरुवात केली होती. पण परवा दूध उतू चाललं तेव्हा हीच बाई बाल्कनीतून स्वयंपाकघरात अशी पळाली, की फोरमन बघतच राहिले.

मागच्या खेपेला कपडे बदलताना त्यांनी दाराआडून ऐकलंही होतं.

"जिना जमेल ना?" बायको विचारत होती.

"जमेल. पण आत्ताच काही बोलू नका," थेरपिस्ट म्हणाली. "काकांना कळलं तर सगळं मुसळ केरात जाईल."

म्हणजे पाय धड असायचे आणि घर विकून होईपर्यंत लंगडत राहायचं. एवढा संसार केला, आणि घरातलंच माणूस फितूर निघावं. फोरमनना फार लागलं ते. तिला रंगेहाथ पकडायचं, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं.

आज ती वेळ आली. वरच्या गॅलरीत ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजला. बायकोनं त्यांचा हात सोडला, ती पाण्यातून बाहेर पडली आणि टॉवेल गुंडाळून सरळ जिना चढत सुटली. लंगडणं नाही, थांबणं नाही, कठड्याला हातसुद्धा नाही.

"अगं ए, थांब," फोरमन ओरडले. लोटाला रेटत ते काठाशी आले, बाहेर पडले आणि तिच्या मागे निघाले. रागानं कान तापले होते. आता ही काय सबब सांगते, ते त्यांना बघायचंच होतं. पायऱ्यांवरच्या रबरी पट्ट्यांवर ओली पावलं चपचप वाजत होती. मध्ये कुठेही न थांबता ते वर पोचले.

"सापडलीस," ते म्हणाले. "धडधाकट आहेस तू. इतके दिवस सोंग करत होतीस."

"हो," ती म्हणाली.

फोन तिच्या हातातच होता. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"आई, जमला का जिना?" फोनमधून मुलाचा आवाज आला.

"जमला रे," ती म्हणाली.

फोरमन गोंधळून मागे वळले. दोनच पायऱ्या खाली थेरपिस्ट उभी होती. त्यांचा तोल गेलाच तर धरायला एक हात पुढे केलेला, दुसऱ्या हातात काठी.

"काका," ती म्हणाली, "तुमची काठी खालीच राहिली होती."