पाठीवरचं पोर

कोरोनामुळे किसुमू शहरातली पाळणाघरं बंद झाली, आयांनी आपापली पोरं घरी नेली आणि पाळणाघर चालवणाऱ्या अपोंडीमावशीच्या पत्र्याच्या खोलीत नुसती चटई उरली. तरी मावशी रोज नळावर दिसायची ती पाठीवर लेसोच्या छापील कापडाच्या झोळीत पोर बांधलेली. मधूनच मागे हात नेऊन त्याला थोपटायची. मग काय, वस्तीत कुजबुज सुरू झाली.

एके दुपारी मुखिया ओगुटूने येऊन काठीने दार धडाधडा वाजवलं.

"मावशी, अख्ख्या वस्तीला खुळं समजतेस काय? चोरून पोर सांभाळतेस! पाळणाघराला कायमचं कुलूप ठोकीन."

"पोर नाही हो, बाबा." उगालीच्या घट्ट लापशीचं पातेलं ढवळणाऱ्या मावशीने मान काही वर केली नाही.

"मग पाठीवर काय तुझी सासू बसलीय? सोड ती गाठ!"

मावशीने सवयीने एक हात मागे नेऊन खालून आधार दिला आणि गाठ सोडली. झोळीतून निघाली मक्याच्या पिठाची पिशवी. तिला टोपडंसुद्धा घातलेलं होतं.

"जन्मभर पाठीवर कुणाचं ना कुणाचं पोर घेऊनच उगाली ढवळली," मावशी म्हणाली. "पाठ रिकामी असली की हातच चालत नाही, बाबा."



मावशी पुन्हा गाठ मारेपर्यंत मुखियाने ती पिशवी तिच्या पाठीशी धरून ठेवली, आणि जाताना दार अजिबात आवाज न करता लोटून घेतलं.